थंडीत ट्रक पहाटे स्टार्ट घेत नाही : सातारा-कराड भागातल्या ड्रायव्हर-मालकांचे नेहमीचे प्रश्न

कारखान्यांचं गाळप सुरू झालं, थंडीनं जोर धरला, की हायवेवरच्या आमच्या गॅरेजचा फोन पहाटे पाचला वाजायला लागतो. फडात ऊस भरून उभी असलेली गाडी, पाचगणीला स्ट्रॉबेरी भरायला निघालेली पिकअप, केन यार्डात नंबर लावून रात्र काढलेला दहा टायर. तक्रार एकच असते, "गाडी स्टार्ट घेत नाय." दर हिवाळ्यात जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं इथं एका जागी लिहिली आहेत. आम्ही येईपर्यंत बरंचसं काम तुम्हालाच करता यावं, एवढ्यासाठी.

आपल्याकडे एवढी थंडी पडते का, की ट्रक चालूच होऊ नये?

नाही पडत. हे पहिल्यांदा पक्कं डोक्यात घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे.

साताऱ्यात, कराडात डिसेंबर-जानेवारीची पहाट बहुतेक दहा-बारा अंशांची असते. कडाका आला तर आठ-नऊ. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या खोलगटात थंड हवा साचते, तिथं एखाद्या पहाटे गाडीच्या टपावरचं दव गोठून पांढरं होतं. कृष्णा-कोयनेच्या काठच्या फडातही रस्त्यापेक्षा गारठा जास्त लागतो, कारण थंड हवा उतारानं खाली येऊन बसते. पण धडधाकट डिझेल इंजिनानं आठ अंशांना दोन-चार सेकंदांच्या सेल्फमध्ये (स्टार्टर मोटर फिरवण्यात) उठलंच पाहिजे. हीटर नसलेल्या जुन्या इंजिनानंसुद्धा.

मग ते उठत नसेल तर गाडीत आधीपासून काहीतरी कमी आहे. बॅटरी अर्धी आहे, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) गंजलाय, डिझेल लाइन हवा घेतेय नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) उतरलंय. मे महिन्यात हे सगळं झाकून जातं, डिसेंबरात उघडं पडतं. त्यामुळे "थंडीमुळं होतंय, उन्हं आली की होईल चालू" म्हणून सोडून देऊ नका. उन्हं आल्यावर ती चालू होईलही, पण दोष तसाच राहील आणि एखाद्या रात्री खंबाटकी घाटात तुम्हाला उभं करील.

पेट्रोल गाडी सहज चालू होते, मग डिझेललाच का त्रास?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलचं इंजिन चाचणीत यशस्वी झालं ते याच तत्त्वावर, आणि आजचं बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांचं) इंजिनही तसंच पेटतं.

हवा तिच्या मूळ मापाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि पाचशे अंशांच्या आसपास तापते. आता गंमत अशी, की बाहेरची हवा वीस अंशांनी थंड असली तर दाबल्यानंतरचा फरक वीसचा राहत नाही, तो पन्नासच्या वर जातो. त्यात सिलिंडरच्या भिंती गार, त्या उष्णता ओढून घेतात. ऑइल घट्ट, म्हणून सेल्फ हळू फिरतो. आणि सेल्फ हळू फिरला की दाबलेल्या हवेला पिस्टनच्या रिंगांवाटे निसटायला आणि थंड व्हायला जास्त वेळ मिळतो.

विहिरीवरचं ऑइल इंजिन हँडल मारून चालू करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. आधी डीकंप्रेशनचा (दाब सोडून देणारा) खटका उचलून चाकाला गती आणायची आणि गती पुरेशी झाल्यावरच खटका सोडायचा. चाक जडपणे फिरत असताना सोडला की इंजिन नुसतं "फुस्स" करून थांबायचं. ट्रकमध्ये ती गती देण्याचं काम सेल्फ आणि बॅटरी करतात.

सेल्फ जड फिरतो, "घर्र... घर्र..." करून थांबतो. सुरुवात कुठून करू?

बॅटरीपासून. पण नवी बॅटरी आणण्यापासून नाही.

थंडीत बॅटरीची ताकद उतरते. शून्य अंशाला ती पाव ते एक तृतीयांशानं कमी होते, आपल्या आठ-दहा अंशांना त्याहून कमी उतरते. चांगल्या बॅटरीला याचं काही वाटत नाही. चार वर्षांची, पाणी आटलेली बॅटरी मात्र यात बसते. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, सेल्फ मारण्याआधी प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. १२.६ असेल तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्ध्याच्या आसपास. हायड्रोमीटर असेल तर सगळ्या खणांची ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता) बघा. १२५० ते १२८० चांगली. पाच खण १२६० आणि एक खण ११५० दाखवत असेल तर ती बॅटरी चार्ज करून सुधारणार नाही.

मोठ्या ट्रकात बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. इथं एक चूक जवळपास दर तिसऱ्या गाडीत दिसते. टेप, पंखा, मोबाइलचं चार्जर यांच्यासाठी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्टची वायर काढलेली असते. मग ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावा. आणि बदलायच्या तर दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला, जुनी नवीला खाते.

आता अर्थ. एक ऊस वाहतुकीचा ट्रक आला होता. मालकानं पंधरा दिवसांपूर्वी दोन नव्या बॅटऱ्या टाकलेल्या, तरी पहाटे सेल्फ दोन आचके देऊन बसायचा. मी ड्रायव्हरला म्हटलं, "तात्या, मी सांगतो तेव्हा फक्त सेल्फ मारा," आणि गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सजवळून चॅसीला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीवर हात ठेवला. तिसऱ्या सेल्फला हात काढून घ्यावा लागला एवढी ती तापली. नट खोलला तर लगच्या खाली रंगाचा थर, आणि विणलेल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून निम्म्या तुटलेल्या. पट्टी बदलली, चॅसी घासून लखलखीत केली, नट आवळला. त्याच बॅटऱ्यांवर गाडी एका झटक्यात उठली. मालक बराच वेळ त्या जुन्या पट्टीकडे बघत उभे राहिले.

म्हणून क्रम असा ठेवा. टर्मिनलवरचं पांढरं-हिरवं फूल खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुवा, पाणी खणात जाऊ देऊ नका. टर्मिनल काढून पॉलिश पेपरनं घासा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मग सेल्फ मारून बघा कुठली जोडणी तापते. जिथं तापते तिथं करंट अडतोय. मीटर असेल तर सेल्फ फिरत असताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब. एवढं सगळं ठीक निघालं तरच सेल्फ खोला, त्याचे कार्बन आणि बुश बघा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासानं, पंप मारून मारून चालू होतं.

गाडी रात्रीत हवा घेतेय. आमच्याकडे थंडीत येणाऱ्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या खालोखाल हाच आजार.

टाकी खाली, इंजिन वर. रात्री गाडी बंद झाली की लाइनमधलं डिझेल जागच्या जागी राहायला हवं. कुठं केसाएवढी फट असली तर तिथून हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. गंमत म्हणजे तिथून डिझेल गळताना दिसत नाही, कारण ओढीच्या बाजूला गळती आतल्या दिशेनं असते. थंडीत रबर आकसतं, कडक होतं, म्हणून उन्हाळ्यात बंद असलेली फट डिसेंबरात उघडते.

ओळखायचं कसं? पहाटे सेल्फ मारण्याआधी हातपंप दाबा. पहिल्याच दाबाला कडक लागला तर लाइन भरलेली आहे. वीस-पंचवीस वेळा भसाभसा गेला आणि मग कडक झाला, तर हवा होती. नंतर फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू ठेवून उजेडात बघा. बुडबुड्यांची माळ दिसली तर दोष त्या नळीपासून टाकीपर्यंतच्या भागात. टाकीतला ओढीचा पाइप, त्याचं चिरलेलं टोक, होजपाइपच्या क्लिपा, तांब्याचे वॉशर, हातपंप स्वतः बघा, आणि नळीच्या पुढचं फिल्टरचं रबरही. तांब्याचा वॉशर एकदा काढला की नवाच टाकावा, दहा-वीस रुपयांत काम होतं.

जुन्या पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारून हवा काढता येते. कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या) मात्र नोझलकडे, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे, जाणारे पाइप सैल करून सेल्फ मारू नका. तिथं इंजिन चालू असताना हजार बारच्या वर दाब असतो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा.

हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायलाच हवं का?

हो. पिकअप, टेम्पो अशा लहान इंजिनांत सिलिंडरमागे एक हीटर प्लग असतो. चावी दिली की कॉइलचा पिवळा दिवा लागतो, तो विझल्यावर सेल्फ मारा. फार गार असेल तर चावी बंद करून आणखी एकदा हीटर द्या. एक-दोन प्लग जळालेले असतील तर गाडी चालू होते पण सुरुवातीला मिसिंग करते, थरथरते. मोठ्या ट्रकांत प्लगऐवजी हवेच्या वाटेवर जाळीचा हीटर असतो, काहींत तोही नसतो.

एका दमात सेल्फ किती वेळ मारावा?

दहा सेकंद, फार तर पंधरा. मग एक-दोन मिनिटं सोडा. सेल्फ फार मोठा करंट ओढतो, सलग मारला तर त्याचं वाइंडिंग भाजतं. चार वेळा करूनही झालं नाही तर थांबा आणि कारण शोधा, पाचव्या सेल्फला बॅटरीच बसेल.

क्लच दाबून सेल्फ मारायचा का?

हो, पूर्ण दाबून. गिअरबॉक्समधलं ऑइल इंजिन ऑइलपेक्षा घट्ट असतं. क्लच दाबला की ते ढवळायचा भार सेल्फवरून निघून जातो. हेडलाइट, पंखा, टेपही बंद ठेवा.

स्प्रे मारला, पेट्रोलचा बोळा धरला, टाकीखाली जाळ केला तर लगेच चालू होते. काय बिघडतं?

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि दर वर्षी मला त्याचं उत्तर मनापासून सांगावंसं वाटतं.

स्टार्टिंग स्प्रेमध्ये ईथर असतं. ते डिझेलपेक्षा खूप लवकर, पिस्टन वर पोचायच्या आधीच पेटतं. वर येणाऱ्या पिस्टनवर तो घाव बसतो. त्यात रिंगा तुटतात, कधी पिस्टनला तडा जातो. हीटर चालू असताना मारला तर आगीचा लोळ एअर क्लीनरमधून उलटा बाहेर येतो. शिवाय इंजिनाला त्याची सवय लागते असं ड्रायव्हर म्हणतात. खरं काय होतं, तर प्रत्येक वेळी रिंगा थोड्या आणखी जातात आणि कॉम्प्रेशन आणखी उतरतं.

पेट्रोलच्या बोळ्याबद्दल माझ्या डाव्या मनगटावर डाग आहे. मी शिकाऊ होतो. एअर क्लीनरचा होज काढून बोळा धरला, दुसऱ्यानं सेल्फ मारला. इंजिन एकदा उलटं फुंकलं आणि बोळ्यासकट बाही पेटली. जवळ ओलं पोतं होतं म्हणून निभावलं.

टाकीखाली जाळ करणं तर त्याहून वाईट. त्यानं टाकीतलं डिझेल थोडं कोमट होतं, पण अडचण बहुतेक वेळा तिथं नसतेच. आणि वर वायरिंग असतं, ब्रेकच्या हवेचे प्लॅस्टिकचे पाइप असतात. उसाच्या फडात तर आजूबाजूला सगळा वाळला पाला.

गरम काही द्यायचंच असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपावर) आणि डिझेल फिल्टरवर गुंडाळा, दहा मिनिटं ठेवा. साधं आहे, पण लागू पडतं.

डिझेलमध्ये थोडं रॉकेल घातलं तर?

घालू नका. डिझेलच पंपाला आणि नोझलला वंगण देतं. रॉकेल पातळ, त्यात ते वंगण नाही, पंप घासला जातो. आपल्या हवेत त्याची गरजही नाही आणि रॉकेलची भेसळ कायद्यानं गुन्हा आहे.

उतारावर लावून, धक्का मारून चालू केली तर चालेल?

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला अडीनडीला चालेल. पण आधी हवेचं प्रेशर बघा. रात्रीत टाक्यांतली हवा उतरलेली असते. एकतर हँडब्रेक सुटणारच नाही, आणि कशीबशी सोडवून ढकलली तर गाडी न थांबण्याची भीती. पॉवर स्टीअरिंगही इंजिन बंद असताना दगडासारखं जड. पसरणीसारख्या घाटात हा धोका पत्करू नका. बीएस-६ गाडीला तर धक्का नकोच. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये जातं आणि ते काम लाखाच्या घरातलं होऊ शकतं.

दुसऱ्या गाडीची बॅटरी कशी जोडू?

चोवीसला चोवीस, बाराला बारा. जीपच्या एका बॅटरीवर ट्रक उठवायला जाऊ नका. आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह. निगेटिव्हचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना उलटा क्रम.

चालू झाल्यावर पांढरा धूर येतो. घाबरायचं का?

दोन-तीन मिनिटांत जात असेल तर नाही. ते न जळलेलं डिझेल आहे, डोळ्यांना झोंबतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, गोडसर वास आला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघून घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर एअर क्लीनर आणि नोझल.

चालू केल्यावर किती वेळ उभी ठेवू? आमचे शेठ म्हणतात वीस मिनिटं.

वीस मिनिटांची गरज नाही. दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, ऑइल टर्बोपर्यंत (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत) पोचू द्या, हवेचं प्रेशर भरू द्या, आणि निघा. पहिले चार-पाच किलोमीटर रेस न करता सावकाश चालवा. इंजिन उभं राहून तापत नाही तेवढं हलक्या भारावर चालताना तापतं. मोठा ट्रक नुसता उभा चालू ठेवला तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल खातो, आणि थंड सिलिंडरमध्ये न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या टबात उतरतं.

चालू झाल्या झाल्या पाय देऊन "भूंऽऽ" करायची सवय मात्र आजपासून सोडा. त्या क्षणी टर्बोच्या बुशात ऑइल नसतं.

रात्री गाडी लावताना काय करावं?

टाकी होईल तेवढी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार होते आणि तिचं पाणी टाकीच्या भिंतीवर धरतं. आपल्या भागात डिझेल गोठण्यापेक्षा डिझेलमधलं पाणी जास्त गाड्या बंद पाडतं. वॉटर सेपरेटरचा खालचा नळ आठवड्यातून एकदा उघडून पाणी काढा, हवेच्या टाक्यांचंही काढा. कटऑफ स्विच असेल तर बंद करा. हवा घेणारी गाडी, दोष निघेपर्यंत, चढाला तोंड करून लावू नका. डिझेल लवकर मागं उतरतं.

हिवाळ्यात पातळ ऑइल टाकू का?

१५-डब्ल्यू-४० आपल्याकडच्या थंडीला पुरून उरतं. जुन्या गाडीत २०-डब्ल्यू-५० असेल तर पहाटे सेल्फ थोडा जड लागेल, एवढंच. कंपनीनं सांगितलेला ग्रेड वापरा आणि ऑइल वेळेवर बदला. काळं, जाड झालेलं ऑइल कुठल्याही ग्रेडचं असो, जडच.

तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद घेऊन पंजाब-काश्मीरकडे जातोय. तिकडं काय वेगळं?

तिकडची थंडी खरी थंडी. डिझेलमध्ये मेण असतं, ठराविक तापमानाखाली ते दाणे धरतं आणि फिल्टर बंद होतो. भारतीय मानकात डिझेल फिल्टरमधून अडायला लागण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळ्यात १८ आणि हिवाळ्यात ६ अंश आहे. पंपावरचं डिझेल बहुतेक त्याहून बरं असतं, पण इथून भरलेली टाकी तशीच बनिहालपलीकडे नेऊ नका. वाटेत जम्मूकडे तिथलं डिझेल भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. जादा डिझेल फिल्टर सोबत ठेवा.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर निघण्याआधी काढून टाका. ते गोठलं की फुगतं आणि ब्लॉक फोडतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी घातलं की उणे तीस-पस्तीसपर्यंत काळजी नाही. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. रिकामी बॅटरी गोठते, भरलेली सहसा गोठत नाही.

बीएस-६ गाडीतला युरिया (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रावण) गोठल्यामुळे चालू होत नसेल का?

आपल्याकडे नाही. ते द्रावण उणे ११ अंशांना गोठतं, आणि गोठलं तरी इंजिन चालू होतं. झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर ते वाळलेलं द्रावण आहे, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

सगळं करून बघितलं. बॅटरी चांगली, सेल्फ जोरात, लाइनमध्ये हवा नाही, तरी पहाटे अर्धा तास लागतो.

मग मेस्त्रीला कॉम्प्रेशन, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) आणि नोझल बघायला सांगा, याच क्रमानं नको. टॅपेट आधी, कारण तेच सगळ्यात स्वस्त. टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि दाब निसटतो, फीलर गेज घेऊन तासा-दोन तासांचं काम. मग नोझल खोलून टेस्टिंगला द्या. थेंब गाळणारं नोझल गार इंजिनात पेटत नाही. कॉम्प्रेशन शेवटी, गेज लावून, सगळे सिलिंडर. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर इंजिन तापल्यावर आयडलला ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. झाकण जागेवर हलत राहिलं तर चालेल, धुरासकट उडून पडायला लागलं तर रिंगा गेल्या. अशा गाडीचं इंजिन काम हंगामाच्या मध्यावर काढू नका. गाळप संपेपर्यंत चांगल्या बॅटऱ्यांवर आणि गरम फडक्यावर ओढा, आणि एप्रिलमध्ये गाडी घेऊन या.